कोलेस्टेरॉलसाठी दोन औषधं एकत्र: कधी घ्यावीत, कधी टाळावीत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चिठ्ठीवर कोलेस्टेरॉलच्या दोन गोळ्या दिसल्या की कुणी घाबरतं, कुणाला वाटतं डॉक्टर उगाच औषधं वाढवताहेत, तर कुणी पहिली बंद करून नुसती दुसरीच घेत बसतं. ओपीडीत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. हे वाचून आपल्या गोळ्या परस्पर बदलू नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना काय विचारायचं, हे ठरवायला मात्र उपयोग होईल.

एक गोळी चालू आहेच. तिचाच डोस वाढवला तर दुसरी कशाला लागेल?

कारण डोस दुप्पट केला म्हणून परिणाम दुप्पट होत नाही. स्टॅटिन गटातल्या (नावाच्या शेवटी ‘स्टॅटिन’ असलेल्या, कोलेस्टेरॉलसाठी सहसा पहिल्यांदा दिल्या जाणाऱ्या) कुठल्याही गोळीचा डोस दुप्पट केला की एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, साधारण ६ टक्क्यांनीच आणखी उतरतो. समजा, औषधाआधी तुमचा एलडीएल १६० होता. रोसुवास्टॅटिन १० मिलिग्रॅमने तो ८६ च्या आसपास येतो, २० ने ७७ आणि ४० ने ७२. म्हणजे चौपट डोस घेऊन हाती लागले चौदा अंक. आता १० मिलिग्रॅमच ठेवून सोबत एझेटिमाइब १० मिलिग्रॅम दिलं, तर एलडीएल ६५ ते ७० च्या दरम्यान येतो. ४० मिलिग्रॅमला जे जमलं नाही ते इथे कमी स्टॅटिनमध्ये होतं.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. तेवढ्याच डोसला भारतीय आणि एकूणच आशियाई लोकांच्या रक्तात रोसुवास्टॅटिनची पातळी युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा सुमारे दुप्पट आढळते. म्हणून अमेरिकेतल्या औषधाच्या माहितीपत्रकातही आशियाई रुग्णांना ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करा असं लिहिलेलं असतं. ४० पर्यंत जाण्याआधी आपल्या डॉक्टरांनी थांबून विचार करणं साहजिकच आहे.

हे एझेटिमाइब नेमकं करतं काय?

रक्तातलं कोलेस्टेरॉल दोन वाटांनी येतं. काही यकृत स्वतः बनवतं, काही आतड्यातून शोषलं जातं. आतड्यातल्या कोलेस्टेरॉलमध्ये जेवणातलं असतं, पण पित्तातून आलेलं त्याहून जास्त असतं. टाकी दोन नळांनी भरत असेल तर एकच नळ कितीही आवळला तरी पाणी चढतंच. स्टॅटिन यकृतातला नळ आवळतं. मग शरीर काय करतं, तर आतड्यातून शोषण वाढवतं. डोस वाढवून फारसं हाती न लागण्यामागे हेही एक कारण आहे. एझेटिमाइब लहान आतड्यातली शोषणाची वाट अडवतं. एकटं दिलं तर एलडीएल साधारण १८ टक्के उतरवतं, स्टॅटिनच्या जोडीला दिलं तर उरलेल्यातून आणखी २० ते २५ टक्के.

डोस एकच, १० मिलिग्रॅम. वाढवण्या-कमी करण्याची भानगड नाही. स्नायूंना त्रास देण्याच्या बाबतीतही ते स्टॅटिनपेक्षा बरंच गरीब औषध आहे.

माझ्या रिपोर्टवर एलडीएल ९५ आहे, लॅबने ‘नॉर्मल’ छापलंय. तरी डॉक्टर दुसरी गोळी देताहेत. का?

लॅबच्या कागदावरची मर्यादा सगळ्यांसाठी एकच छापलेली असते. तुमच्या हृदयात स्टेंट आहे की नाही, हे त्या कागदाला ठाऊक नसतं. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने जुलै २०२४ मध्ये भारतीयांसाठी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यानुसार कमी धोक्याच्या माणसाचा एलडीएल १०० च्या खाली असावा, जास्त धोका असेल तर ७० च्या खाली आणि हार्ट ॲटॅक, पक्षाघात किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार होऊन गेला असेल तर ५५ च्या खाली. म्हणजे ९५ हा आकडा शेजारच्या निरोगी तरुणाला ठीक आहे. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला तो चाळीस अंकांनी जास्त आहे.

म्हणून ‘दोन गोळ्या लागतील का’ हे विचारण्याआधी ‘माझा एलडीएल किती असायला हवा’ हे विचारा. डॉक्टरांना तो आकडा फाईलवर लिहून द्यायला सांगा. दुसऱ्या औषधाची चर्चा तिथूनच सुरू व्हायला हवी.

मग दोन औषधांची खरी गरज कुणाला असते?

सर्वांत आधी ज्यांना हार्ट ॲटॅक येऊन गेला आहे, स्टेंट बसला आहे किंवा बायपास झाली आहे त्यांना. ५५ च्या खाली जायचं तर यांतल्या बऱ्याच जणांना एकटं स्टॅटिन पुरत नाही. हे गणित वरच्या उदाहरणात दिसतंच.

दुसरा गट आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा, आणि आपल्याकडे तो फार उशिरा ओळखला जातो. औषधाशिवाय एलडीएल १९० च्या वर, घरात वडील किंवा काका पन्नाशीच्या आत हार्ट ॲटॅकने गेलेले, टाचेमागची शीर जाडजूड, कधी हाताच्या सांध्यांवर पिवळट गाठी, असं काही असेल तर हा आजार मनात यायलाच हवा. साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला तो असतो. इथे दोन औषधं नेहमीचीच, कधी तीनही लागतात. आणि रुग्ण एकटा नसतो: त्याच्या भावंडांचं आणि मुलांचं लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉल-चरबीची तपासणी) करावंच. मुलांना एझेटिमाइब दहाव्या वर्षापासून देता येतं.

तिसरा गट, ज्यांना स्टॅटिनचा मोठा डोस सोसत नाही. दहा चालतं, वीस केलं की मांड्या दुखतात. अशांना सोसेल तेवढं स्टॅटिन आणि वर एझेटिमाइब हा सरळ मार्ग.

किडनीचा जुना आजार असलेले, पण डायलिसिसवर न गेलेले रुग्णही यात येतात. सिम्व्हास्टॅटिन २० आणि एझेटिमाइब १० ही जोडी किडनीच्या नऊ हजारांहून जास्त रुग्णांवर तपासली गेली, निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले आणि रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटना १७ टक्क्यांनी कमी झाल्या. डायलिसिस आधीच सुरू असेल तर मात्र नव्याने गोळी सुरू करून फारसा फायदा दिसत नाही. आधीपासून चालू असेल तर ती बंद करत नाहीत.

मधुमेह असून सोबत रक्तदाब, तंबाखू किंवा लघवीतून प्रथिन जाणं असं काही असेल, तर लक्ष्य ७० किंवा त्याखाली येतं आणि मग तिथेही दुसऱ्या औषधाचा प्रश्न उभा राहतो.

दोन गोळ्यांनी नुसता रिपोर्ट सुधारतो की हार्ट ॲटॅकही टळतो?

या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच. औषध आकडा सुधारतं म्हणून माणूस वाचतोच असं नाही, हे पुढे नायसिन आणि फायब्रेट या दुसऱ्या गटांतल्या औषधांच्या बाबतीत दिसेलच. एझेटिमाइबच्या बाबतीत मात्र उत्तर ‘टळतो’ असं आहे, जरी फायदा मोजका असला तरी.

२०१५ मध्ये ‘इम्प्रूव्ह-इट’ नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. हार्ट ॲटॅक किंवा तत्सम त्रासाने नुकतेच दवाखान्यात भरती झालेले १८,१४४ रुग्ण त्यात होते. अर्ध्यांना सिम्व्हास्टॅटिन एकटं, अर्ध्यांना त्याच्यासोबत एझेटिमाइब. एलडीएल एकीकडे सरासरी ७० च्या आसपास, दुसरीकडे ५४. सात वर्षांनी पहिल्या गटात ३४.७ टक्के लोकांना पुन्हा हृदयाची किंवा मेंदूची मोठी घटना झाली, दुसऱ्यात ३२.७ टक्के. म्हणजे शंभर जणांनी सात वर्षं दुसरी गोळी घेतली तर दोघांची घटना टळली. कुणाला हे थोडं वाटेल. ॲटॅक येऊन गेलेल्या माणसाला एका स्वस्त आणि फारसा त्रास न देणाऱ्या गोळीने एवढं मिळत असेल तर ते सोडू नये, असं माझं मत.

दक्षिण कोरियातली ‘रेसिंग’ चाचणी २०२२ ची. तिथे ३,७८० हृदयरुग्णांत रोसुवास्टॅटिन २० एका बाजूला आणि रोसुवास्टॅटिन १० अधिक एझेटिमाइब १० दुसऱ्या बाजूला. तीन वर्षांत घटना जवळपास सारख्याच झाल्या, ९.९ आणि ९.१ टक्के. पण त्रास होतो म्हणून औषध थांबवावं किंवा कमी करावं लागलं ते प्रमाण मोठ्या डोसच्या गटात ८.२ टक्के आणि जोडीच्या गटात ४.८ टक्के होतं.

पहिल्या दिवसापासूनच दोन सुरू करतात का?

नेहमीची पद्धत पायरीपायरीची: स्टॅटिन द्यायचं, चार ते सहा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल करायचं, लक्ष्य गाठलं नसेल तर दुसरं जोडायचं. पण ॲटॅकनंतर दवाखान्यातूनच दोन्ही सुरू करण्याकडे आता हृदयरोगतज्ज्ञांचा कल वाढतो आहे, आणि मला तो पटतो. एलडीएल १८० असलेला माणूस एका स्टॅटिनने ५५ वर येणार नाही हे आधीच दिसत असतं. शिवाय ‘सहा आठवड्यांनी या’ सांगितलेले किती जण सहा महिन्यांनी उगवतात, हे ओपीडीतल्या कुणालाही विचारा.

ॲटॅक वगैरे काही नाही, फक्त एलडीएल १४० आहे. केमिस्टने दोन औषधांची एकत्र गोळी दिली. घेऊ का?

नको. आधी तुमचा एकूण धोका ठरू दे: वय, रक्तदाब, साखर, तंबाखू, घराण्यातला इतिहास. यातलं काहीच नसेल तर कदाचित आहार-व्यायामावर तीन महिने बघता येईल. औषध लागलंच तर आधी एक, तेही मध्यम डोसचं. केमिस्टच्या शब्दावर सुरू केलेली एकत्र गोळी पुढे त्रास देऊ लागली तर दोघांपैकी कुणामुळे, हेही कळत नाही.

दुसरं औषध जोडण्याआधी काय तपासून घ्यावं?

पहिलं औषध पोटात जातंय का, हे. विनोद नाही. रिपोर्टांची प्लास्टिकची पिशवी टेबलावर रिकामी केली की त्यात पाच महिन्यांपूर्वीची स्ट्रिप निघते, दहांतल्या सहा गोळ्या शिल्लक असलेली. ‘रिपोर्ट चांगला आला म्हणून थांबवली होती’ किंवा ‘श्रावणात बंद होती’. अशा वेळी दुसऱ्या गोळीची गरज नसते, पहिलीची असते.

त्याच पिशवीत कधी उलटंही सापडतं. एक स्ट्रिप हृदयाच्या डॉक्टरांची, एक साखरेच्या डॉक्टरांची. कंपन्या वेगळ्या, वरची नावं वेगळी, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात दोन्हीवर रोसुवास्टॅटिन. पेशंट बिचारा दोन्ही इमानेइतबारे घेत असतो. स्ट्रिप उलटी करून घटक वाचायची सवय लावून घ्या, किंवा घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला वाचायला लावा.

त्यानंतर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी. थायरॉइड मंदावलेलं असेल तर एलडीएल वाढतो, शिवाय स्टॅटिनने स्नायू दुखण्याची शक्यताही वाढते. अशा माणसाला आधी थायरॉइडची गोळी लागते, दुसरं कोलेस्टेरॉलचं औषध नंतर बघू. लघवीतून प्रथिन जाणं, पित्ताचा मार्ग अडणं, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणं यानेही एलडीएल चढतो.

ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी एक चरबी) २८० आहे. स्टॅटिनसोबत फेनोफायब्रेट दिलंय. हे बरोबर आहे का?

इथे मी जरा थांबून बोलणार आहे, कारण ही जोडी आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त लिहिली जाते असं माझं स्पष्ट मत आहे.

फेनोफायब्रेट हे फायब्रेट गटातलं औषध ट्रायग्लिसराइड चांगलं उतरवतं, यात वाद नाही. प्रश्न आहे तो ॲटॅक टळतो का याचा. २०१० मध्ये ‘ॲकॉर्ड’ चाचणीत ५,५१८ मधुमेही रुग्णांत सिम्व्हास्टॅटिनसोबत फेनोफायब्रेट जोडून पाहिलं. एकंदरीत फायदा झाला नाही. ज्यांचं ट्रायग्लिसराइड २०४ किंवा जास्त आणि एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३४ किंवा कमी होतं, त्यांच्यात मात्र थोडा फायदा दिसल्यासारखं वाटलं. बरीच वर्षं त्या छोट्या गटाचा आधार घेऊन ही जोडी लिहिली गेली. मग २०२२ मध्ये ‘प्रॉमिनंट’ चाचणी आली. अगदी तसेच रुग्ण निवडले: मधुमेह, ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी. दहा हजारांहून अधिक जण. औषध त्याच घराण्यातलं, पेमाफायब्रेट. ट्रायग्लिसराइड सुमारे २६ टक्क्यांनी उतरलं आणि हृदयाच्या घटना जिथल्या तिथे राहिल्या.

तेव्हा २८० ट्रायग्लिसराइडला पहिला इलाज साखर ताब्यात आणणं, दारू बंद करणं, वजन थोडं उतरवणं आणि ताटातला भात, साबुदाणा, गोडधोड, गोड चहाचे फेरे कमी करणं हा आहे. साखर ताब्यात आली की अनेकांचं ट्रायग्लिसराइड आपोआप खाली येतं. उपाशीपोटी पुन्हा एकदा तपासणीही करा. आदल्या रात्री लग्नाचं जेवण आणि सकाळी लिपिड प्रोफाइल असं झालं असेल तर तो आकडा धरूच नका.

फेनोफायब्रेट खरोखर लागतं ते ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेलं की, आणि हजाराच्या वर असेल तर विनाविलंब. तिथे भीती हृदयाची नसते, स्वादुपिंडाला सूज येण्याची असते, आणि तो आजार जिवावर बेततो. सारोग्लिटाझार हे भारतात तयार झालेलं औषध २०१३ पासून मिळतं. तेही स्टॅटिन देऊनही ट्रायग्लिसराइड न उतरलेल्या मधुमेहींसाठी आहे, सरसकट सगळ्यांसाठी नाही.

आणि एचडीएल वाढवायला नायसिन?

नको. दोन मोठ्या चाचण्या झाल्या, एक २०११ मध्ये, दुसरी २०१४ मध्ये पंचवीस हजारांहून जास्त रुग्णांवर. स्टॅटिनला नायसिन जोडून एचडीएल वाढलं, ॲटॅक कमी झाले नाहीत, उलट साखर बिघडली, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग वाढले. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नायसिन-स्टॅटिनच्या एकत्र गोळ्यांची मान्यता काढून घेतली. जुन्या चिठ्ठीवर अजून चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा.

दोन औषधं एकत्र कुणी घेऊच नयेत?

गरोदर असणाऱ्या, राहू पाहणाऱ्या आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ही औषधं साधारणतः बंद ठेवायची. आनुवंशिक आजार असलेल्या तरुणींनी दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ठेवावं, राहिल्यावर धावपळ नको.

यकृताचा आजार जोरात चालू असेल, कावीळ असेल, सिरॉसिस पुढच्या टप्प्यात असेल तर स्टॅटिन आणि एझेटिमाइब ही जोडी नाही. पित्ताशयात खडे असतील तर फेनोफायब्रेट नको, ते पित्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतं. किडनी बरीच कमजोर असेल, म्हणजे ईजीएफआर (किडनी किती काम करते याचा आकडा) ३० च्या खाली, तरीही फेनोफायब्रेट नको. ३० ते ६० च्या मध्ये असेल तर डोस कमी. व्हॉल्व्ह बदलल्यामुळे किंवा दुसऱ्या कारणाने रक्त पातळ करणारं ॲसेनोकूमारॉल किंवा वॉरफरिन घेणारे असतील, तर फेनोफायब्रेटने त्या औषधाचा जोर वाढतो. आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी) लवकर तपासावा लागतो.

एक जोडी मात्र कुणीच घेऊ नये: स्टॅटिन आणि जेमफायब्रोझिल. जेमफायब्रोझिल स्टॅटिनला शरीराबाहेर पडू देत नाही, ते रक्तात साचतं आणि स्नायू अक्षरशः विरघळू लागतात. सेरिव्हास्टॅटिन नावाचं औषध २००१ मध्ये जगभरातून मागे घेतलं गेलं ते अशाच मृत्यूंमुळे, आणि त्या रुग्णांपैकी बरेच जण सोबत जेमफायब्रोझिल घेत होते. फायब्रेट द्यायचंच असेल तर फेनोफायब्रेट.

मला फॅटी लिव्हर आहे, एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) ६८. मग दोन्ही बंद?

नाही. नुसतं फॅटी लिव्हर आणि थोडं वाढलेलं एसजीपीटी हे स्टॅटिन नाकारायचं कारण नाही. फॅटी लिव्हरच्या माणसाला हृदयविकाराचा धोका उलट जास्त असतो. आकडा सर्वसाधारण मर्यादेच्या तिपटीच्या वर गेला आणि पुन्हा तपासूनही तिथेच राहिला, तर थांबून कारण शोधायचं.

दुसरी गोळी सुरू झाल्यापासून अंग दुखतंय.

आधी कुठे आणि कसं ते पाहा. दोन्ही मांड्या, पिंढऱ्या, खांदे, दोन्हीकडे सारखं, जिना चढताना पाय उचलत नाहीत असं असेल तर ते औषधाचं असू शकतं. एकाच गुडघ्याचं किंवा एका खांद्याचं दुखणं बहुधा त्याचं नसतं. दुखणं जोराचं असेल आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. सीपीके (स्नायूंची झीज दाखवणारी रक्ततपासणी) तपासतील. ते दहापटीहून जास्त वाढलेलं असेल तर औषध बंदच.

बाकी दुखण्यांबद्दल एक गंमतीशीर चाचणी आहे. २०२० मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी स्टॅटिन सोसत नाही म्हणणाऱ्या ६० जणांना बारा महिन्यांच्या बारा बाटल्या दिल्या: काहींत स्टॅटिन, काहींत दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी आणि काही रिकाम्या. खोट्या गोळीच्या महिन्यांतही दुखणं जवळपास तेवढंच होतं, स्टॅटिनच्या त्रासाच्या ९० टक्के. याचा अर्थ लोक खोटं बोलतात असा नाही, दुखतं ते खरंच. पण गोळी घेतोय या धास्तीनेही दुखू शकतं, आणि म्हणून लगेच कायमचं बंद करण्याआधी दोन-चार आठवडे थांबवून, मग वेगळं स्टॅटिन किंवा कमी डोस देऊन पाहतात.

तरीही कुठलंच स्टॅटिन सोसलं नाही तर एझेटिमाइबसोबत बेंपेडोइक ॲसिड १८० मिलिग्रॅम हा पर्याय आता आहे. ते यकृतात गेल्यावरच कामाला लागतं, स्नायूंमध्ये नाही. २०२३ मध्ये सुमारे चौदा हजार जणांवरच्या चाचणीत त्याने हृदयाच्या घटना १३ टक्क्यांनी कमी केल्या. पण युरिक ॲसिड वाढवतं, म्हणून गाऊट (युरिक ॲसिडने सांधे सुजण्याचा आजार) असलेल्यांनी जपून.

सोबतच्या कुठल्या औषधांची काळजी घ्यावी?

ॲसिडिटीच्या जंतूसाठी दोन आठवड्यांचं किट देतात, त्यात बहुतेक वेळा क्लॅरिथ्रोमायसिन असतं, आणि त्याने काही स्टॅटिन रक्तात साचतात. सिम्व्हास्टॅटिन किंवा ॲटोरवास्टॅटिनचा मोठा डोस घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून ते दिवस स्टॅटिन थांबवावं. बुरशीसाठीचं इट्राकोनॅझोलही याच यादीत, आणि गजकर्णासाठी ते हल्ली महिनामहिना दिलं जातं. किडनी बसवलेल्यांचं सायक्लोस्पोरिन, गाऊटचं कोल्चिसीन, एचआयव्हीची काही औषधं, यांचाही नावानिशी उल्लेख करा. अम्लोडिपिन चालू असेल तर सिम्व्हास्टॅटिन २० च्या वर नेत नाहीत.

गुग्गुळ किंवा ‘नैसर्गिक’ कॅप्सूल जोडीला चालेल?

गुग्गुळावर अमेरिकेत झालेली चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. आठ आठवड्यांत एलडीएल उतरण्याऐवजी किंचित वाढला, काहींना अंगावर पुरळ आलं. लाल यीस्टच्या तांदळाच्या कॅप्सूलमध्ये तर लोव्हास्टॅटिनच असतं, म्हणजे तुम्ही न सांगता दुसरं स्टॅटिन घेत असता. गणपतीत कोकणात पपनस घरोघरी असतं. त्यात ग्रेपफ्रूटमधलेच, काही स्टॅटिनची रक्तातली पातळी वाढवणारे घटक असतात. एखाद-दुसरी फोड चालेल, पण ॲटोरवास्टॅटिन किंवा सिम्व्हास्टॅटिनवर असताना रोज अख्खं पपनस नको.

स्टॅटिन, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकाच कॅप्सूलमध्ये मिळतात. सोयीचं आहे ना?

सोयीचं आहे, अडचण येईपर्यंत. दात काढायचा आहे, मोतीबिंदूचं किंवा दुसरं ऑपरेशन आहे, पोटातून रक्त गेलं, अशा वेळी रक्त पातळ करणारा घटक थांबवायचा की नाही हे ठरवावं लागतं. कॅप्सूल बंद केली की स्टॅटिनही बंद होतं आणि बरेच जण ते पुन्हा सुरूच करत नाहीत. दुसरं म्हणजे स्टेंटनंतर क्लोपिडोग्रेल बहुतेकांना ठराविक काळच लागतं, कोलेस्टेरॉलची गोळी मात्र पुढेही चालू राहते. रोसुवास्टॅटिन आणि एझेटिमाइब एकाच गोळीत असेल तर मात्र माझी काही तक्रार नाही. दोन्ही एकाच कामाची, एकाच वेळी घ्यायची, आणि एक गोळी विसरण्याची शक्यता कमी.

दोन गोळ्यांनीही भागलं नाही तर?

मग इंजेक्शनं. इव्होलोक्युमॅब किंवा ॲलिरोक्युमॅब त्वचेखाली दर दोन आठवड्यांनी घ्यायची, एलडीएल आणखी ६० टक्क्यांच्या आसपास उतरतो. इन्क्लिसिरॅन सुरुवातीला, मग तीन महिन्यांनी आणि पुढे वर्षातून दोनदा. खर्च मोठा आहे, म्हणून गोळ्या नीट घेऊन, पुन्हा तपासून, मगच हा विषय काढतात.

आई ८२ वर्षांची आहे. तिलाही दोन द्यायच्या का?

ॲटॅक येऊन गेला असेल आणि गोळ्या सोसत असतील तर निव्वळ वयामुळे बंद करू नका. पण काहीच झालेलं नाही, वजन घटतंय, आधीच नऊ गोळ्या चालू आहेत, तोल जातो, अशी स्थिती असेल तर नवं औषध जोडण्यापेक्षा आहेत त्यातली कुठली काढता येतील ते डॉक्टरांसोबत बसून बघा.

एलडीएल ५० वर आला. आता एक बंद करू?

तो ५० गोळ्यांमुळे आहे. बंद केलीत तर काही आठवड्यांत पूर्वीच्या जागी जाईल. ५० किंवा ३० एलडीएलने स्मरणशक्ती जाते वगैरे भीती चाचण्यांत खरी ठरलेली नाही.

कधी घ्यायच्या, आणि एखाद्या दिवशी राहिली तर?

रोसुवास्टॅटिन, ॲटोरवास्टॅटिन आणि एझेटिमाइब दिवसात केव्हाही, जेवणाआधी किंवा नंतर. सिम्व्हास्टॅटिन तेवढं रात्री. फेनोफायब्रेटच्या बऱ्याच गोळ्या जेवणासोबत घ्यायच्या असतात, स्ट्रिपसोबतच्या कागदावर पाहा. एक दिवस राहिली तर दुसऱ्या दिवशी नेहमीचीच एक, दोन नाहीत. सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर चार ते सहा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल आणि एसजीपीटी, आकडा जागेवर आला की सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. फेनोफायब्रेट चालू असेल तर क्रिएटिनिनही (किडनीची तपासणी) सोबत करा.